देठावरची अंडी आणि माव्यातली मगर

प्रश्न : कपाशीच्या पानांमागे केसासारख्या दांड्या आणि टोकाला हिरवट ठिपके दिसतात. ही बुरशी आहे का? माव्यात एक मगरीसारखी बारीक अळीही फिरते. फवारू का?

उत्तर : थांबा, पंप खाली ठेवा! ती क्रायसोपर्ला या मित्रकीटकाची अंडी आणि अळी, दोन्ही तुमच्या बाजूची. अंडी दांडीवर टांगलेली असतात, त्यामुळे मुंग्यांपासून बचावतात आणि आधी निघालेल्या भावंडांपासूनही. कारण ही अळी कमालीची खादाड. मावा मिळाला नाही तर सख्ख्या भावालाही सोडत नाही.

तिचे जबडे विळ्यासारखे वाकडे आणि आतून पोकळ. ते माव्यात खुपसून ती पाचकरस सोडते. भक्ष्य आतल्या आत विरघळले की शोषून घेते. मागे उरते ते चिपाड. नजर बेताची असल्याने डोके डावीकडे-उजवीकडे हलवत ती जवळपास धडकूनच शिकार शोधते. मावा, फुलकिडे, पांढरी माशी, बोंडअळीची अंडी, मऊ अंगाचे जे सापडेल ते चालते. गंमत म्हणजे अळीपणी तिच्या आतड्याचा मागचा मार्ग बंद असतो. सारी विष्ठा साठते ती प्रौढ झाल्यावरच बाहेर पडते.

हिच्या काही चुलत बहिणी माव्याची सालपटे पाठीवर लादून फिरतात. चालता कचरा दिसला तर तोही मारू नका.

प्रौढ क्रायसोपर्ला मात्र मकरंद, परागकण आणि माव्याच्या चिकट्यावर जगतो. म्हणून बांधावर थोडी फुले असू द्या.