गुटेनबर्गचा ताळेबंद

मुद्रणकलेचा जनक म्हणून योहानेस गुटेनबर्गचे नाव आपण शाळेपासून पाठ केलेले असते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला मात्र त्याच्या यंत्राइतकेच त्याच्या कर्जाचेही कुतूहल वाटते.

दाबयंत्र त्याच्या आधीही होते. द्राक्षांचा रस काढायला ते वापरीत. गुटेनबर्गची करामत खिळ्यांत आहे. (कन्नडात खिळ्याला ‘अच्चुमोळे’ म्हणतात, ‘मोळे’ म्हणजेही खिळाच!) पुढे शतकानुशतके चाललेली पद्धत अशी : पोलादी ठशावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्यात शिसे, कथील व अँटिमनी यांचा रस ओतायचा. मग एकाच ठशापासून हवे तितके सारखे खिळे मिळतात.

पण हे उभारायला पैसा हवा. जर्मनीतील माइन्झ शहरात योहान फुस्ट याने १४५० साली त्याला ८०० गिल्डर दिले. व्याज ६ टक्के आणि तारण म्हणून त्या पैशातून होणारी साधनसामग्री. पुढे आणखी ८०० गिल्डर दिले, ते भागीदारीतील ग्रंथछपाईसाठी. आता हिशेब पाहा. बायबलच्या सुमारे १८० प्रती, प्रत्येकीत बाराशेहून अधिक पृष्ठे. कागद, चर्मपत्र, मजुरी यांचा खर्च रोजचा. आवक मात्र ग्रंथ पुरा झाल्यावर. खेळते भांडवल असे अडकले, तर आजही भलेभले कारखाने बुडतात.

१४५५ मध्ये फुस्टने दावा लावला. व्याजासह मागणी २०२६ गिल्डरांची! व्याज घेणार नाही असे फुस्ट तोंडी बोलला होता, आणि दुसरी रक्कम कर्ज नव्हतीच, असे गुटेनबर्गचे म्हणणे. तोंडी शब्दावर विसंबलेल्या कारागिराची मला कणव येते. तरी फुस्टला केवळ लोभी सावकार म्हणवत नाही. १५५० गिल्डर आपण स्वतः व्याजाने उचलले होते, असे त्याने ६ नोव्हेंबर १४५५ रोजी शपथेवर सांगितले. तो दस्तऐवज ग्यॉटिंगेनच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहे. निकालानंतर साधनसामग्री फुस्टकडे गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

गुटेनबर्गच्या बायबलवर छापणाऱ्याचे नाव नाही. १४५७ च्या स्तोत्रग्रंथावर मात्र नावे आणि तारीख दोन्ही आहेत : योहान फुस्ट आणि पेटर शफर. हा शफर खटल्यात फुस्टच्या बाजूचा साक्षीदार होता. पुढे तो त्याचा जावई झाला. गुटेनबर्गला १४६५ मध्ये माइन्झच्या आर्चबिशपने दरसाल धान्य, द्राक्षमद्य आणि एक पोशाख बांधून दिला. तीन वर्षांनी तो वारला.