फी विचारताना सेशनही मोजा

चारचौघांत बोलताना घसा कोरडा पडतो, कुणी बघत असलं की सही करताना हात थरथरतो. घरचे याला लाजाळू स्वभाव म्हणून सोडून देतात. पण ही सोशल अँग्झायटी, म्हणजे लोकांसमोर वावरण्याची भीती, असू शकते. यावर सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी) ही उपचारपद्धती चांगली लागू पडते. प्रश्न असतो खर्चाचा.

मुंबई-पुण्यात खासगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट एका सेशनचे साधारण हजार ते अडीच हजार रुपये घेतात; नामांकित ठिकाणी जास्त, छोट्या शहरांत कमी. पण नुसत्या या आकड्यावर जाऊ नका. सेशन किती लागतील, हे पहिल्याच भेटीत विचारा. सोशल अँग्झायटीसाठी ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या मार्गदर्शिकेत 14-15 सेशन धरली आहेत. दीड हजाराने 15 सेशनचे साडेबावीस हजार होतात, तेही तीन-चार महिन्यांत विभागून. कुत्रा, इंजेक्शन, लिफ्ट अशी एकाच गोष्टीची भीती असेल तर बरंच कमी. स्वीडनच्या लार्स-गोरान ऑस्ट यांनी अशा फोबियासाठी जास्तीत जास्त तीन तासांचं एकच सेशन विकसित केलं.

पैसे वाया जातात ते नुसत्या गप्पांत. सीबीटीत भीतीची चढती यादी करतात आणि एकेक पायरी प्रत्यक्ष चढायला लावतात: अनोळखी माणसाला पत्ता विचारणं, मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारणं, दुकानात दहा साड्या उलगडायला लावून काही न घेता बाहेर पडणं. (हे शेवटचं भल्याभल्यांना जमत नाही!) हा गृहपाठ फुकट असतो आणि निम्मं काम तोच करतो. चार सेशन होऊनही यादी नाही, गृहपाठ नाही, तर खुशाल तज्ज्ञ बदला.

‘समुपदेशक’ एवढीच पाटी पुरेशी नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी क्रमांक मागा. औषधं मात्र मानसोपचारतज्ज्ञ देतात.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, तसंच ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागाचा खर्च नाममात्र असतो. मात्र गर्दीमुळे तासभराचं सेशन मिळेलच असं नाही. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावे लागतात, पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च येतो का, ते आधी तपासा.

काहीच ठरत नसेल तर ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. फोन करायचीच भीती वाटत असेल, तर पहिला फोन घरच्या कुणाला तरी लावायला सांगा.