शू त्याची, घड्याळ तुझं

अगं, आधी ती फिनेलची बाटली वर कपाटात ठेवून दे बघू. कुत्र्यामांजरांच्या पोटात गेलं तर ते विषच. शिवाय फिनेलने वास जातो तो तुझ्यामाझ्या नाकापुरता. तुझ्या कुत्र्याच्या नाकाला त्याखालची शू साफ कळते, आणि ‘हीच आपली जागा’ असं त्याच्या डोक्यात अजून पक्कं बसतं.

‘ताई, हा मुद्दाम करतो का गं?’ नाही गं बाई. सूड, खुन्नस, मुद्दाम हे सगळे माणसांचे उद्योग. खरं सांगू का, मोठं कुत्रं आणलंस हे एका परीने सोपंच केलंस. पिल्लाला धरवतच नाही, ह्याला तासन् तास धरवतं. त्याला एवढंच कळलेलं नाही की घराच्या आत करायची नसते. कळणार तरी कुठून? स्टेशनाबाहेर नाहीतर एसटी स्टँडच्या आसपास ज्याचा जन्म गेला, त्याला आत काय आणि बाहेर काय! त्याला ओळखीची असते माती, गवत, भिंतीचा कोपरा. आणि जो बरेच महिने पिंजऱ्यात राहिला, त्याला सिमेंटची लादी ओळखीची. मग तुझी चकचकीत फरशी बघून त्याने तेच केलं, तर त्याचं काय चुकलं? म्हणून आज पहिलं काम काय, तर ज्यांनी त्याला सांभाळलं त्यांना फोन लाव. कोलाडला ‘अ‍ॅनिमल्स मॅटर टू मी’ या मुंबईच्या संस्थेचा निवारा आहे, तिथून आणला असशील किंवा कुणा ओळखीच्यांकडून, विचारायचं तेच. हा कशावर करायचा, मातीवर की लादीवर? किती वाजता जेवायचा? ह्या दोन उत्तरांत तुझं निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं घड्याळाचं. सकाळी डोळा उघडला की बाहेर. चहा नंतर, तोंड धुणंही नंतर. जेवला की पाव-अर्ध्या तासात बाहेर. दुपारची झोप झाली की बाहेर, दिवेलागणीला बाहेर, रात्री निजण्याआधी बाहेर. पहिले काही दिवस मधूनमधूनही, दर दोन-तीन तासांनी. जिने चढून-उतरून तुझे गुडघे बोलायला लागतील, माहितीये मला. पण हे कायमचं नाही. आणि नवऱ्याची धाटावच्या कारखान्यात पाळी बदलते म्हणून कुत्र्याची वेळ बदलायची नाही हं. रात्रपाळीहून आलेला माणूस ‘मी नेतो थोड्या वेळाने’ म्हणतो आणि आडवा होतो, हे तुला मी सांगायला नको. सकाळची फेरी तुझी, असं धरूनच चाल.

बाहेर नेताना पट्टा लावूनच ने, आणि रोज एकाच जागी. तिथे गेलीस की नुसती उभी राहा. मोबाइल पर्समध्ये. ‘कर ना रे, कर ना सोन्या’ असं पाठीमागे लागू नकोस, त्याने तो तुझ्याचकडे बघत बसतो. वास घेऊ दे, दोन गिरक्या घेऊ दे. करून झाली रे झाली की त्याच क्षणी ‘शाब्बास!’ आणि तोंडात उकडलेल्या चिकनचा बोटभर तुकडा. तिथेच, त्याच जागेवर. मी आमच्या पहिल्याला खाऊ द्यायची तो घरी आल्यावर, स्वयंपाकघरात डबा उघडून. त्या बिचाऱ्याने एवढंच ओळखलं की जिना चढला की बिस्किट मिळतं. खाली करायची घाईच राहिली नाही त्याला. वर यायचा, बिस्किट खायचा आणि सोफ्याच्या पायाशी मोकळा व्हायचा! आणि हो, झाल्याबरोबर लगेच घरी ओढून आणू नकोस. थोडं फिरव. नाहीतर शू केली की फिरणं संपतं हे त्याला दोन दिवसांत समजतं, आणि मग तो हुशार प्राणी धरून ठेवायला लागतो.

बाहेर केलीच नाही तर? चिडू नकोस. वर आण, पण सोडू मात्र नकोस. पट्टा तुझ्या कमरेला नाहीतर खुर्चीला बांध आणि कामाला लाग. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा खाली. सुरुवातीला त्याला अख्खं घर द्यायचंच नाही बघ. तू जिथे, तो तिथे. कांदा चिरताना तो पायाशी, कपड्यांच्या घड्या घालताना तो शेजारी. (कांद्याचा तुकडा मात्र त्याच्या तोंडात जाऊ देऊ नकोस, कुत्र्यांना कांदा-लसूण बाधतो.) जमीन हुंगत एकदम लांब जायला लागला, गोल फिरायला लागला, दाराकडे बघून घुटमळला, की हातातलं टाक आणि पट्टा धर.

आणि तरी झालीच घरात, तर दोनच गोष्टी. डोळ्यांदेखत करत असेल तर शांतपणे ‘चल बाहेर’ म्हण आणि ने. उरलेली बाहेर केली तर तिथे शाब्बासकी दे. नंतर दिसली, तर फडकं घे आणि पूस, बस. शेजारच्या काकू सांगतील, नाक घास त्याचं त्याच्यात, आमच्याकडे तसंच करायचे. हसून सोडून दे. दोन तासांपूर्वीची शू आणि आत्ताचा तुझा राग ह्यांचा मेळ त्याला घालता येत नाही. ही बाई मध्येच बिथरते, एवढंच तो शिकतो. मग तुझ्यासमोर करायचीच नाही असं ठरवतो. घरात कपाटामागे जाऊन करतो, आणि बाहेर तू पट्टा धरून ताटकळलीस तरी करत नाही. ओरडण्याने एवढंच साधतं.

पुसायचं कसं तेही ऐक. आधी जुन्या कागदाने सगळं टिपून घे, मग साबणाचं पाणी. साध्या टाइल्स असतील तर निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर. पण शहाबादी किंवा संगमरवर असेल तर व्हिनेगर लावू नकोस, डाग पडून राहतात. तिथे पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर घे, थोडं महाग पडतं पण वास मुळापासून जातो. हातात रबरी मोजे घाल. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप असतो आणि तो प्राण्यांच्या लघवीतून पसरतो. कुत्र्यांना त्याची लस मिळते, डॉक्टरांना आठवणीने विचार. पायपुसणी आणि गोधड्या महिनाभर उचलून ठेव, मऊ कापड दिसलं की मोह होतो त्यांना.

आता पाऊस. आपला रोह्याचा जुलै म्हणजे काय ते तुला माहीतच आहे, कुंडलिका दुथडी भरलेली आणि दिवस दिवस उघडीप नाही. भर पावसात अंगणात जायला कुत्रं तयार होत नाही, आणि कुणी जबरदस्ती केली तर पुढे अंगणालाच घाबरतं. म्हणून कोरडी जागा कर. खालचं घर असेल तर पागोळ्यांच्या आत, पडवीच्या टोकाला, वर ताडपत्री ओढून. खाली घमेलंभर माती आणि रेती टाक, वर गवताचा एखादा झुबका. ज्या फडक्याने शू पुसलीस ते एकदा तिथे टेकवून ठेव, त्याला वासाने पत्ता लागतो. फ्लॅटमध्ये हेच बाल्कनीत जमतं. पण विचार करून कर हं, एकदा बाल्कनी लागली की उन्हाळ्यातही बाल्कनीच. वर्तमानपत्रावर मात्र मुळीच शिकवू नकोस. उद्या सासरे पेपर पसरून वाचायला बसले तर काय होईल, डोळ्यांपुढे आण.

जेवणाचं राहिलंच. दोन वेळा, ठरलेल्या वेळी, अर्ध्या तासाने ताटली उचलायची. दिवसभर समोर भात पडून राहिला तर शी कधी होईल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आणि ती सुक्या बोंबलाच्या डोक्यांची खिचडी बंद कर. प्रेमाने करतेस, कळतं गं. पण खारट खाऊन तो रात्री भांडंभर पाणी पितो आणि पहाटे तुझ्या पलंगाशी उभा राहतो. दुधानेही बऱ्याच कुत्र्यांना ढाळ लागतात. मऊ भात, बिनमिठाचं चिकन किंवा अंडं, उकडलेला भोपळा. पाणी तोडायचं मात्र कधीच नाही.

तुळशीवृंदावनाचं म्हणत होतीस. ते वेगळं प्रकरण. पाय वर करून चार थेंब उडवले, तर ती लघवी लागलेली नसते, ती त्याची पाटी असते, इथे मी राहतो म्हणून. नसबंदीने ही सवय बरीच कमी होते. कानाच्या टोकाला खाच दिसते का बघ, असेल तर बहुधा नसबंदी झालेली आहे. सवय मोडेपर्यंत तुळस उंचावर नाहीतर जाळीआड. सासूबाईंना म्हणावं, चार आठवडे कळ काढा. आणि कुणी पुरुषमाणूस मोठ्याने बोलत आला की पोट जमिनीला टेकवून तो सोडत असेल, तर ती भीतीची. त्याला रागवायचं नाही, आलेल्या माणसाला खाली बसायला सांगायचं.

थोडी थोडी सारखी होत असेल, रक्त दिसत असेल, एकदम पाणी जास्त प्यायला लागला असेल, झोपेत गळत असेल, तर हे शिकवण्याचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात ने, नाहीतर 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन कर. रेबीजचं इंजेक्शन घ्यायचं राहिलं असेल तर त्याच फेरीत उरकून टाक.

किती दिवस लागतात, हे तू विचारणारच. काहींना आठवडा पुरतो, काहींना दोन-तीन महिने. आणि नीट शिकला असं वाटत असतानाच गणपतीला पाहुण्यांनी घर भरेल, नाहीतर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी ढोलताशांत दारावरून जाईल, आणि हा बिचकून पुन्हा हॉलमध्ये करेल. करू दे. सगळं मुळापासून सुरू करावं लागत नाही, चार दिवस पुन्हा पहिल्यासारखं घड्याळ लावायचं, येतो ताळ्यावर. आता मला उत्तर लिहीत बसू नकोस. त्याला जेवून पंधरा मिनिटं झाली असतील, आधी खाली ने.