शेतकी विद्यालयास सरकारी मदत : एक परदेशी धडा

शेतकी शिक्षणास सरकारनें द्रव्यसाहाय्य करावें, याविषयीं दुमत नाहीं. परंतु तें कोणत्या अटींवर द्यावें व त्यावर देखरेख कशी ठेवावी, याचा विचार शेतकरीवर्गांत फारसा होत नाहीं. म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक दाखला आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

सन १८६२ च्या जुलै महिन्यांत अध्यक्ष लिंकन यांनीं मॉरिल कायद्यावर सही केली. त्या अन्वयें प्रत्येक संस्थानास, मध्यवर्ती कायदेमंडळांतील त्याच्या दर सभासदामागें, ३०,००० एकर सरकारी जमीन किंवा तितक्या जमिनीचीं हक्कपत्रें मिळालीं. मूळचे तेथील रहिवासी जे लोक, त्यांच्याकडून घेतलेलीच ही जमीन होती, हेंहि विसरूं नये. तिच्या विक्रीचें भांडवल रोख्यांत गुंतवून केवळ व्याजावर शेतकी व यंत्रविद्येचें महाविद्यालय चालवावयाचें होतें. मुद्दलांत तूट आल्यास ती संस्थानानें भरून द्यावी, इमारतींवर हा पैसा खर्चूं नये, पांच वर्षांत विद्यालय उभारावें व दरसाल अहवाल द्यावा, अशा अटी होत्या. बियाण्याची कणगी मोडूं नये, हें शेतकऱ्यास वेगळें सांगावयास नको.

परंतु विक्रीच्या भावावर पुरेसा अंकुश राहिला नाहीं. सरकारी दर एकरीं सव्वा डॉलर असतां ऱ्होड आयलंड संस्थानाचीं १,२०,००० एकरांचीं हक्कपत्रें अवघ्या ५०,००० डॉलरांस गेलीं. उलट न्यूयॉर्कच्या वाट्याचीं पुष्कळ हक्कपत्रें एझ्रा कॉर्नेल यांनीं घेऊन विस्कॉन्सिनमधील उत्तम इमारती लांकडाच्या जमिनी निवडल्या व भाव येईपर्यंत राखविल्या. त्यांचें कित्येक पट उत्पन्न त्यांच्या नांवाच्या विद्यापीठास मिळालें. कायदा एकच, अंतर पडलें तें राखणाराच्या दक्षतेमुळें.

पुढें १८८७ च्या हॅच कायद्यानें प्रयोगक्षेत्रांस वार्षिक मदत मिळाली. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानें शेतकऱ्याच्या बांधापर्यंत ज्ञान नेण्यासाठीं पैसा दिला. पण पायाभूत रकमेपलीकडील मदतीइतकीच भर संस्थानानें घालावी, अशी अट ठेविली. ज्याचा पैसा गुंततो, तो हिशेब पाहतो, हें त्यांतील मर्म होय.

याच धर्तीवर भारतांत १९६० सालीं पंतनगर येथें व १९६८ सालीं राहुरी येथें कृषि विद्यापीठ निघालें. तेव्हां आमची वाचकांस विनंति इतकीच कीं, अनुदान किती मंजूर झालें एवढेंच वाचून थांबूं नये. तें कशावर खर्च झालें, रिकाम्या जागा किती, आणि प्रयोगाचें फळ आपल्या शिवारांत केव्हां पोहोंचलें, हें दरसाल विचारावें. विचारणाराच नसेल, तर उत्तम कायदाहि कागदावरच राहतो.