टेप कुठून धरायची?

शनिवार पेठेतल्या माझ्या दवाखान्यात परवा बासष्ट वर्षांचे एक काका आले. मनगटावर लेकीनं अमेरिकेहून पाठवलेलं घड्याळ. टेकता टेकता म्हणाले, "डॉक्टर, बीएमआय साडेबावीस. तुमच्यापेक्षा कमी असेल! साखर तपासायची गरजच काय? आणि पावलं रोज दहा हजार."

शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "झोपाळ्यावर बसून हातवारे करत राजकारण बोलतात, ते हातवारेही त्यात धरलेत."

काकूंचं फारसं चुकलेलं नाही. घड्याळ पाय बघत नाही, मनगटाची हालचाल बघून पावलांचा अंदाज बांधतं. दहा हजारांचा आकडासुद्धा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानी बाजारात आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव खपलं, आकडा चिकटला. चालणं चांगलंच, पण आकडा म्हणजे वेदवाक्य नव्हे.

बीएमआयचंही तसंच. उंचीच्या मानाने वजन किती, एवढंच तो सांगतो. त्या वजनात स्नायू किती, चरबी किती, हे त्याच्या गावीही नसतं. याचा मासला आपल्या पुण्यातच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात चक्क स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडसडीत, आतून चरबी साठवलेली, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. पोटातली ही चरबी मधुमेहाला आवतण देते.

"म्हणजे इथेही पुणेकरच पुढे!" काका खूश.

मी टेप काढली. "कशाला? पँट चौतीसची, वीस वर्षं तोच नंबर." नंबर तोच होता, पट्टा मात्र पोटाखाली घसरला होता. माप भरलं ९७ सेंटिमीटर.

तुम्हीही मोजा. शिंप्याकडची साधी टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती आडवी धरा, श्वास सहज सोडा आणि पोट आत ओढू नका. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर माप गेलं, तर वजन काहीही असो, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे रक्तातली सरासरी साखर, तपासून घ्या.

राहिला प्रश्न जेवणाचा. दोनदा जेवावं की दर दोन तासांनी, यावर कट्ट्यावर खुशाल भांडा. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका; साखर एकदम उतरू शकते. बाकीच्यांनी भाताचा डोंगर निम्मा करून शेजारी उसळ नाहीतर पिठलं वाढून घ्यावं. जेवणानंतर वामकुक्षीआधी ओंकारेश्वराच्या देवळापर्यंत एक फेरी मारावी. दिवसातून दहा वेळा हात न टेकता खुर्चीतून उठावं-बसावं. मांड्यांचे स्नायू साखर खर्च करतात.

काकांची उपाशीपोटीची साखर आली ११८. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. रिपोर्ट वाचत असतानाच घड्याळ थरथरलं: आजचं लक्ष्य पूर्ण, अभिनंदन!

काकूंनी माझ्या टेबलावरची टेप उचलली. "ही कुठे मिळते हो?"