‘हात तर उचलत नाही ना?’

माझ्या नवऱ्याने मला कधी मारलं नाही. हे मी वकीलबाईंना सांगितलं, संरक्षण अधिकाऱ्यांना सांगितलं. त्याआधी माहेरच्या प्रत्येकाने ते मलाच ऐकवलं होतं. “हात तर उचलत नाही ना?” असं विचारून आत्या, मामी, सख्खा भाऊसुद्धा मोकळा झाला. दारू नाही, बाहेर भानगड नाही, पगार घरात. भांड्याला भांडं लागायचंच, म्हणत चहा घेऊन माणसं उठली. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

तो काय करायचा ते सांगते. सकाळी स्वतः बोललेलं संध्याकाळी “मी असं बोललोच नाही” म्हणून उडवायचा. कपाटाच्या किल्ल्या जागेवरून हलवायच्या, पाहुण्यांदेखत मला शोधायला लावायचं आणि शेवटी स्वतःच काढून द्यायच्या. (हे मुलीने पाहिलं होतं, मला सांगायचा धीर तिला फार उशिरा झाला.) मी चिडले की सासूबाईंकडे वळून, “बघ, हिचं डोकं ठिकाणावर नाही.” मग अबोला. आणि एखाद्या संध्याकाळी अचानक साडी. घेतली नाही तर मी कृतघ्न, घेतली तर भांडण मिटलं.

मला विसरण्याचा आजार आहे, असं त्याने नातेवाइकांत इतकं पसरवलं की मलाही ते खरं वाटू लागलं. तोच मला मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. एमआरआय नॉर्मल, बी-१२ ठीक, थायरॉइड ठीक. तो पैसे भरायला बाहेर गेला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “तुम्ही नोकरी काय करता?” पतसंस्थेत कॅशियर आहे, म्हटलं. “रोकड कमी-जास्त लागते?” नाही, रोज संध्याकाळी जुळते. त्यांनी पेन खाली ठेवलं. “मग ताई, तुम्ही फक्त घरातच कशा विसरता?”

परतीच्या एसटीत तो शेजारी बसून सांगत होता, हा डॉक्टर नवखा आहे, पुण्याला दाखवू. मी ऐकत नव्हते. दूधवाल्याचे पैसे, नणंदेचा न सांगितलेला निरोप, मुलीच्या शाळेची फी भरल्याची पावती, एकेक प्रसंग मी कॅशबुकासारखा तपासत होते आणि फरक प्रत्येक वेळी एकाच नावावर निघत होता. त्या दिवशी मला रडू आलं नाही. इतका राग आला की घरी पोचेपर्यंत माझे दात आवळलेलेच होते.

हे वाचताना ज्या मधेच थांबल्या असतील, त्यांच्यासाठी पुढचं. घडलं त्याच दिवशी लिहून ठेवा: तारीख, त्याचे शब्द, कोण हजर होतं. वही घरात ठेवू नका. माझी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती. आधार, पॅन, मार्कशीट, दागिन्यांच्या पावत्या विश्वासाच्या माणसाकडे हलवा. पगाराच्या खात्याला स्वतःचाच मोबाईल नंबर जोडा. आणि तो काय करतोय हे तुम्हाला कळलंय, असं त्याला सांगायला जाऊ नका. मी सांगितलं, तर दुसऱ्याच दिवसापासून “तूच माझा मानसिक छळ करतेस” सुरू झालं. बैठकीत चार वडीलधारे बसवून दोघांना समजावण्याचा कार्यक्रम तर टाळाच. तिथे तुम्ही रडून जे सांगाल, ते घरी तुमच्याच विरुद्ध वापरलं जातं.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५चा आहे, २६ ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ मारहाणीच्या बरोबरीने लिहिलेला आहे: अपमान, हिणवणं, मूल किंवा मुलगा झाला नाही म्हणून बोलणं. माझ्या भावाने हे कलम वाचावं. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, ते अहवाल तयार करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. सासरचं घर तुमच्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अर्ज पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात आहे. तारखा मात्र पडत राहतात, त्याची तयारी ठेवा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन. मन सावरायला टेलि-मानस, १४४१६, मराठीतही बोलतात.

सावरायला वेळ लागतो. मी वेगळी राहू लागले तरी भाजीवाल्याला “चालेल ना?” विचारून मेथी घेत होते. फिरायला जा, जेवण टाळू नका, मैत्रिणींशी बोला, हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. मला जास्त उपयोग झाला तो समुपदेशकबाईंनी दिलेल्या एका सवयीचा: दिवसातून एक निर्णय कुणालाही न विचारता घ्यायचा आणि त्याचं कारण कुणालाही द्यायचं नाही. पहिले काही दिवस छातीत धडधडायचं.

आणि माहेरच्यांनो, लेक काही सांगू लागली तर हात उचलतो का हे विचारू नका. विचारा, घरात तुझं बोलणं खरं धरतात का? मग ती बोलेपर्यंत चहाचा कप खाली ठेवून बसा.