साडी विटली की स्क्रीन?

लग्नाचं फुटेज ग्रेड करताना प्रिव्ह्यू अडखळायला लागला, की आमच्या धंद्यात पहिला सल्ला मिळतो तो नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याचा. माझ्या एका मित्रानं तो ऐकला. त्याच्या कॅमेऱ्याच्या एच.२६५, १०-बिट, ४:२:२ फायली नव्या कार्डावरही तशाच रखडल्या. बाजारातली बरीच कार्डं ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडतच नाहीत. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांतलं क्विक सिंक ते काम करतं, पण हे दुकानदार कशाला सांगेल?

पैसे काढण्याआधी दाविंची रिझॉल्व्हमध्ये शिफ्ट-डी दाबून ग्रेड बंद करून बघा. तरीही अडखळलं तर फाईलच जड आहे, प्रॉक्सी बनवा. सुरळीत चाललं तर बहुतेक वेळा नॉइज रिडक्शनचा नोड सापडतो. तो काम संपेपर्यंत बंद ठेवा, नाहीतर रेंडर कॅशे लावा. आणि एक्सपोर्ट करताना 'यूज प्रॉक्सी मीडिया'वरची खूण काढायला विसरू नका.

चित्राचं दुखणं जास्त फसवं. एका हळदीच्या व्हिडिओत नवरीच्या आईची वांगी रंगाची नऊवारी माझ्या मॉनिटरवर झकास दिसत होती. फाईल पाठवली आणि संध्याकाळी फोन आला, "अहो, आईची साडी विटकी का दिसतेय?" असिस्टंट लगेच कॉन्ट्रास्ट वाढवायला बसला. त्याला थांबवून विचारलं, तर पाहुणे मॅकवर क्विकटाइममध्ये बघत होते. तीच फाईल व्हीएलसीत लावल्यावर साडी पुन्हा वांगी. फाईलवरचा गॅमाचा टॅग मॅक वेगळ्या पद्धतीनं वाचतो, म्हणून सावल्या उजळतात. कॉन्ट्रास्ट वाढवून पाठवला असता तर त्यांच्या टीव्हीवर काळोख झाला असता. मॅकवर एक्सपोर्ट करत असाल तर गॅमा टॅग 'रेक.७०९-ए' निवडा, बहुतेक वेळा भागतं.

काळे केस एकदम शाईसारखे गच्च झाले, तर मात्र लेव्हल्स बघा. १६ ते २३५ची फाईल ० ते २५५ धरली की चित्र फिकं पडतं, उलट झालं की काळं तुटतं. अशा वेळी डोळ्यांपेक्षा स्कोपवर भरवसा ठेवा. खोलीतली ट्यूबलाइटसुद्धा डोळ्यांना चकवते.

पहिली कॉपी देण्याआधी ती टीव्हीवर, फोनवर आणि मॅकवर लावून बघा. तोवर उरलेलं पेमेंट मागू नका.